रस्त्यातले दगड

अडावद सुटलं की धुकं सुरू होतं.
आधी पातळ, ताकाच्या निवळीसारखं,
मग दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात
आणि त्यात धूर मिसळतो.
थंडीचा चरका बसू नये म्हणून
बांधावर रात्रभर ओला पाला जाळतात इथं.
पौष. पहाटेचे साडेपाच.
मागे अठ्ठावीस कॅन दूध,
जळगावला डेरीचं गेट सातला.

फुल लाइट मारला की समोर भिंत उभी राहते,
नुकता चुना दिलेली.
डिपर केला की ती मागे सरकते,
बैलाच्या दाव्याएवढा रस्ता देते.
तेवढाच घ्यायचा.
'जितलं दखास, तितलंज चाल, भो,'
उखर्डू आबा म्हणायचे.
एसटीतून रिटायर होऊन पिकअपवर बसले होते,
मी त्यांचा क्लिनर.
पहिल्या हिवाळ्यात वाटलं, म्हातारा भ्यायला लागला.
एकदा तर सायकलवरचा पाववाला
घंटी वाजवत आम्हाला मागे टाकून गेला.
मी मान खाली घातली.
आबांनी त्याला हात केला.

काचेला आतून तंबाखू चोळायचे.
खिडकी चार बोटं उघडी.
थंडी येते तर येऊ दे, समोरच्याचा आवाज येऊ दे.
धुक्यात निम्मी गाडी कानानं चालते:
ट्रॅक्टरची धडधड, बैलांच्या गळ्यातलं घुंगरू,
कुणाचा तरी खोकला, म्हणजे माणूस आहे, पायी.
आणि ज्याला आवाजच नाही ते?
पंक्चर होऊन उभी ट्रॉली,
मागे दिवा नाही, रेडियम नाही, नुसता ऊस.

ती आम्हाला भेटली नाही.
भेटले तिचे दगड.

रात्री कुणाची गाडी बंद पडते.
तो मागे चार-पाच दगड मांडतो, चांगले मोठे,
येणाऱ्याला कळावं म्हणून.
मग टायर बदलतो, हात पुसतो,
बिडी पेटवतो आणि निघून जातो.
दगड राहतात.
राखायची ती गाडी गेली
आणि राखणदार तिथंच बसलेले, अंधारात,
आता त्यांच्यापासूनच जपायचं.

धानोऱ्याच्या पुढे वळणावर आबांनी ब्रेक लावला.
चारही इंडिकेटर टिकटिक.
'उतर.'
दगड दवानं ओले, इतके गार
की बोटं तिथंच राहतील असं वाटलं.
मी तीन उचलले, आबांनी दोन,
कमरेवर एक हात ठेवून.
म्हटलं, कडेनं गेलो असतो की आपण.
ते काही बोलले नाहीत.
शेवटचा दगड पायानं आणखी थोडा सारला,
साइडपट्टीच्या पलीकडे, गवतात,
झोपेत सरकलेल्या पोराला
पुन्हा गोधडीत घ्यावं तसा.

आबा आता येत नाहीत. मोतीबिंदू.
म्हणतात, मना घरमाज धुकं शे आते, बारा महिना.
तंबाखूची पुडी मी डॅशबोर्डवर ठेवतो.
खात नाही.

परवा विदगावच्या अलीकडे सहा दगड.
एकटाच होतो.
सहावा गवतात टाकला तेव्हा
मागून दोन पिवळे डाग आले, मोठे झाले, थांबले.
केळीचा ट्रक, दिल्लीकडचा.
'क्या हुआ?'
'कुछ नहीं,' म्हटलं.
त्यानं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं,
माझ्या मातीच्या हातांकडे पाहिलं,
मग डिपर देऊन निघाला,
माझ्याहूनही हळू.

तापीच्या पुलावर कठडा मोजत गेलो.
खाली नदी असावी.
डेरीत पोचलो सात पंचवीसला.
खैरनार सुपरवायझरनं रजिस्टर उघडलं,
उशिराचं कारण विचारलं.
'धुकं,' मी म्हणालो.
त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं.
जळगावात स्वच्छ ऊन पडलं होतं.